केसपेपरवरचं ‘चोकिंग’

“भाकर अडकली होती, साहेब. आता उतरली,” नवरा म्हणाला. “किती डाव सांगतलं हिले, सावकाश जेवत जाजो.”

मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मेडिकल ऑफिसर होतो. सकाळची ओपीडी सुरू होती. समोर बसलेली बाई तिशीची. आवाज घोगरा. थुंकी गिळतानाही तिला दुखत होतं. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बारीक लाल ठिपके. मानेवर खूण नव्हती.

“ताई, भाकरच अडकली होती ना?”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ठिपके खोकून आले असतील, असं मी धरून चाललो. केसपेपरवर लिहिलं : चोकिंग.

चोक होणं म्हणजे घशात आतून काही अडकणं. ते निघालं की पेशंट बहुधा घरी जातो. स्ट्रँगल करणं म्हणजे बाहेरून गळा आवळणं. नुसत्या हातांनी आवळला तर थ्रॉटल. त्यात कातडीवर कधीकधी खूणही राहत नाही, डोळ्यांत लाल ठिपके मात्र उमटू शकतात आणि आतली सूज नंतर वाढू शकते. म्हणून पेशंटला भरती करायचं, पोलिसांना कळवायचं. हे सगळं मला पाठ होतं.

सिस्टर हळूच म्हणाल्या, “सर, त्या माणसाले बाहेर पाठवा ना. बाई त्याच्यापुढं बोलून नाई राह्यली.”

“सिस्टर, रांग बघा बाहेर.”

आमच्याकडे बाईचं दुखणं सोबतचा माणूस सांगतो आणि डॉक्टर लिहून घेतो. मी वर्षानुवर्षं तेच करत होतो. गोळ्या देऊन तिला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ तिला ऑटोतून घेऊन आला. गळा सुजलेला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. मी नळी घालायला गेलो, ती आत जाईना. वर्ध्याला नेताना वाटेतच ती गेली.

“काल तिनं तुमाले काईच नाई सांगतलं?” भावानं विचारलं.

“नाही.”

“तुमी इचारलं होतं?”

“विचारलं. नवऱ्यासमोर.”



पोस्टमॉर्टेममध्ये थ्रॉटलिंग निघालं. कोर्टात नवऱ्याच्या वकिलानं माझा केसपेपर वर धरला.

“अक्षर तुमचंच ना, डॉक्टर? चोकिंग आणि थ्रॉटलिंग यांतला फरक माहीत आहे?”

“आहे.”

“तरी तपासून चोकिंग लिहिलंत.”

“तपासून नाही. ऐकून लिहिलं.”

“तसं इथे कुठं लिहिलंय?”

कुठेच नव्हतं. गळा कोणी आवळला हे सिद्ध झालं नाही. नवरा सुटला.

आता मी सोबतच्या माणसाला आधी बाहेर बसवतो. रांग थांबते. लोक चिडतात, वर तक्रारीही जातात.