दहाव्यावरचं भाषण

आमच्या जुन्नर-आंबेगावात माणूस मेला की दहाव्याला माईक लागतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर खोटं वाटतं. नदीच्या काठाला मांडव, प्रवचन, पिंडदान, आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. तालुक्यातले झाडून सगळे पुढारी एका दहाव्यावरून दुसऱ्या दहाव्याला गाड्या पळवतात. ज्याला पंचायत समितीला उभं राहायचंय, तो आधी दहाव्यांना उभा राहतो. मेलेला कोण, कुणाचा, हे गाडीतच कुणाला तरी विचारून घ्यायचं आणि माईक हातात आला की गळा काढायचा. लहानपणापासून हे बघत आले आणि तोंडाला पदर लावून हसत आले. माझ्या भावाच्या दहाव्याला जे भाषण झालं ते मात्र आजही मी शब्दाला शब्द म्हणून दाखवीन.

भाऊ माझ्याहून धाकटा. नारायणगावात स्टँडच्या मागं त्याचं इंटरनेट कॅफे होतं. कॅफे म्हणजे काय, प्लायवूडचे खोके आणि प्रत्येक खोक्याला पडदा. दोन हजार सहा-सातच्या आसपास घरोघरी कम्प्युटर कुठला? बारावीचा निकाल बघायला, बायोडाटा काढायला पोरं त्याच्याकडंच यायची. चष्मा एवढा जाड की तो काढला तर समोर म्हैस आहे की मोटरसायकल, याला कळायचं नाही. स्वभावानं गरीब. मला त्याच्या गरीबपणाचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

त्या वर्षी आमच्या माहेरच्या गावातल्या एका कॉलेजच्या पोरीच्या नावानं कुणीतरी इंटरनेटवर पान बनवलं. तिचा फोटो, खाली नाही नाही ते घाण लिहिलेलं, आणि तिचा मोबाईल नंबर. कुठून कुठून पुरुषांचे फोन यायला लागले. पोरीचं कॉलेज बंद झालं, बापानं पोलिसात तक्रार दिली आणि तिला मामाच्या गावी नेऊन ठेवलं. गावाला चघळायला विषय मिळाला.

त्याच दिवसांत भाऊ तहसीलच्या कामाला घोडेगावला आला आणि माझ्याकडं चहाला थांबला. ओट्यावर बसून हळूच म्हणाला, ते पान माझ्याच दुकानात बनलंय. कोणत्या खोक्यात, कोणत्या वेळी, सगळं त्यानं कम्प्युटरमधून शोधून काढलं होतं. कोण ते विचारलं तर सांगेना. "आपल्यातलाच हाय," एवढंच म्हणाला. त्याला आज संध्याकाळी दुकानात बोलावलंय, पोरीच्या बापाचे पाय धर म्हणून सांगणार आहे, म्हणाला. मी त्याला झापलं. अरे, पोलिसात जा ना! त्यावर हा म्हणतो, एकदा पोलिसात नाव गेलं की संपला तो, एक संधी देऊ. एकीला शब्द दिलाय, तो पाळला म्हणजे झालं. कुणाला शब्द दिलाय हेही सांगितलं नाही.

आमच्याकडं हे असंच चालतं. बांध कोरला, आपसात मिटवा. पोरीची छेड काढली, आपसात मिटवा. आपल्यातला आहे ना, मग झाकून घ्या. माझा भाऊ कम्प्युटर शिकला, पण हे काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

तो निघता निघता माझ्या मुलीनं, तेव्हा ती लहान होती, त्याचा चष्मा ओढला आणि दांडी मोडली. मी तिला धपाटा घातला आणि सुईदोरा घेऊन आले, म्हटलं बांधून देते. तो नको म्हणाला. उशीर होतोय, दुकानात वायरची टेप आहे, ती लावतो. दांडी खिशात टाकली, चष्मा एका हातानं कानाशी धरला आणि फोनवर बोलल्यासारखा नारायणगावच्या भाड्याच्या जीपमध्ये जाऊन बसला. मला हसू आलं. जिवंत भाऊ मी तेवढाच शेवटचा पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानापाशी लावलेली असायची ती त्याची मोटरसायकल डाव्या कालव्याच्या काठावर सापडली. बॉडी त्याच्या पुढच्या दिवशी खालच्या गावाजवळ कालव्याच्या गेटला अडकलेली मिळाली. वडिलांच्या मोबाईलवर त्याच्या मोबाईलवरून मेसेज आलेला होता: माझ्याकडून चूक झाली, मला माफ करा. झालं! पान याच्या दुकानात बनलं, मेसेज याच्या मोबाईलवरून आला, गाडी कालव्यावर. डोक्याला मार होता, तो गेटवर आपटून झाला म्हणाले, आणि पोलिसांनी दोन दिवसांत निकाल लावून टाकला. पोरीची बदनामी यानंच केली, आणि उघडकीला येणार म्हणून उडी मारली.

मी ओट्यावरचं सगळं बोलणं चौकीत जाऊन सांगितलं. हवालदार कान कोरत ऐकत होता. म्हणाला, ताई, घरचे सगळे असंच म्हणतात. मी विचारलं, चष्मा कुठंय त्याचा? वाहून गेला असंल, म्हणाला. चष्म्याशिवाय ज्याला दारातली पायरी दिसत नाही, तो अंधारात कालव्यापर्यंत गाडी चालवत गेला म्हणे. बरं, चष्मा घालून गेला म्हणावं तर एका दांडीचा. मी टेबलावर हात आपटला तेव्हा नवऱ्यानं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

गाव घरी येऊन बसत होतं, चहा पीत होतं आणि उठता उठता म्हणत होतं, वाटलं नव्हतं हो असं करील. आई ते ऐकायची. ती नळावर जायची बंद झाली. मेलेल्या पोरासाठी रडायची सोय सुद्धा तिला या लोकांनी ठेवली नाही. रडली तर म्हणणार, बघा, असल्या पोरासाठी रडतीय. मला भाऊ परत मिळणार नव्हता, एवढं मला कळत होतं. पण त्याच्या अंगावर फासलेलं शेण मला धुवायचं होतं. दुसरं काही नको होतं.

तिसऱ्या दिवशी भावाचा मित्र भेटायला आला. पांढरे कपडे, तरुण मंडळाचा अध्यक्ष, पुढच्या इलेक्शनला त्याचं नाव चाललेलं. बोलायला मोठा वस्ताद. दोन्ही तालुक्यांत याच्या भाषणाशिवाय दहावा व्हायचा नाही. आईच्या पायाशी बसून रडला. म्हणाला, कारखान्याच्या इलेक्शनच्या गडबडीत आठ-दहा दिवस भेटच झाली नाही, भेटलो असतो तर थांबवला असता. पोलिसांनी सगळ्या मित्रांना विचारलं, तेव्हाही त्यानं हेच सांगितलं होतं. मला तो तेव्हा चांगला वाटला, कारण आमच्या दारात उघड रडायला दुसरं कुणी आलंच नव्हतं.

आणि मग दहावा. मला वाटलं होतं, कुणी फिरकणार नाही. कसलं काय! मांडव भरून लोक. तमाशा बघायला कोण येत नाही? पोरीचा बाप पुढच्या रांगेत. एकेक पुढारी उठला आणि तेच, तरुण पिढी कुठं चालली, मोबाईल-इंटरनेटचे दुष्परिणाम. माझ्या भावाच्या पिंडासमोर उभं राहून त्याच्यावरच निबंध वाचत होते मेले. शेवटी हा मित्र उठला.

"हा पोरगा काय व्हता, मी सांगतो तुमाला," तो म्हणाला. "गावाच्या पोरांना कम्प्युटर शिकवला, पण स्वतःच्या चष्म्याची दांडी मोडली तर नवीन फ्रेम घेतली न्हाई. निळी टेप गुंडाळून फिरत व्हता. इतका साधा माणूस. त्याच्याकडनं एक चूक झाली. गेलेल्या जीवाला माफ करा, अशी मी पोरीच्या वडलांना पदर पसरून विनंती करतो."

बायका हुंदके द्यायला लागल्या. आणि माझी आई उठली. कुणाला काही कळायच्या आत मांडवातून चालत गेली आणि तिनं पोरीच्या बापाच्या पायावर डोकं ठेवलं. माझ्या आईनं, आयुष्यात कधी कुणाचा मिंधेपणा न घेतलेल्या बाईनं. तो बाप अवघडून उभा राहिला, पण तिला उठवलं नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. मी धावत जाऊन तिला उचलली, आणि तिला उचलता उचलताच माझ्या डोक्यात ते शब्द फिरले. निळी टेप.

दांडी माझ्या ओट्यावर मोडली होती. तो गेला त्याच दिवशी, दुपार कलल्यावर. टेप त्यानं दुकानात जाऊन लावली असणार, ती कोणत्या रंगाची होती हे मलाही माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी नारायणगावात लोडशेडिंग, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शेजारच्या चहावाल्यानं मला आधीच सांगितलं होतं की भाऊ आला आणि अर्धं शटर ओढून कुणाची तरी वाट बघत आत बसला; पुढं कोण आलं ते त्यानं बघितलं नाही, लाईट नाही म्हणून तो घरी गेला होता. मग ती टेप बघितली कुणी? ज्याची तो वाट बघत होता त्यानं. या शहाण्याला वाटलं, टेप जुनीच आहे, सगळ्यांनी पाहिलेली असणार. भाषणात साधेपणाचा काहीतरी दाखला लागतो, तो यानं घेतला.

मी भांडकुदळ आहे, सगळं माहेर आणि सासर सांगेल. त्या दिवशी मात्र मी माझी जीभ दाताखाली धरली. नवऱ्याला म्हटलं, काही विचारू नका, नुसते माझ्याबरोबर चला. तो मित्र त्याच्या गाडीपाशी उभा होता, तोंड पुसत, चार जण भाषणाची तारीफ करत होते. मी हात जोडले.

"भाऊ, लई चांगलं बोललात. त्या टेपचं तर आम्हा घरच्यांनाही ठाऊक नव्हतं."

"अवो ताई, मी म्हनलो बी त्याला, आरं ह्ये काय लावलंय, नवीन घे. हसला नुसता."

हे बोलताना त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. तारीफ ऐकली की त्याला भरून यायचंच. मी मान डोलावली, जीपमध्ये येऊन बसले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा घाबरला, म्हणाला, मोठी माणसं आहेत त्याच्या मागं, नको या भानगडीत. मी म्हटलं, तुम्ही घरी जा, मी चौकीला उतरते. तोही उतरला, हे त्याचं मला आजही कौतुक आहे.

फौजदार आधी हसला. टेपच्या तुकड्यावर खून लावता का बाई? मी म्हटलं, लावू नका, फक्त त्याला विचारा, टेप कधी पाहिली. आठ-दहा दिवस भेटलो नाही म्हणून त्यानंच सांगितलंय आणि मोडलेला चष्मा दुसऱ्या दिवसाचा सूर्य बघायला राहिला नाही. तेव्हा त्याचं हसू गेलं. भावाच्या मोबाईलचे कॉल काढले. हे आधीच काढता आले असते, पण मेलेला माणूस दोषी ठरला की सगळ्यांचं काम वाचतं. शेवटचा कॉल या वक्त्यालाच होता.

पुढं त्याला बोलतं करायला फार कष्ट पडले नाहीत म्हणे. पोरीनं लग्नाला नकार दिला, म्हणून कोपऱ्यातल्या खोक्यात बसून यानं ते पान बनवलं. भावानं तोंडावर सांगितलं तेव्हा म्हणाला, इथं नको, तुझी गाडी मी चालवतो, कालव्यावर जाऊन बोलू. भाऊ गेला! आपल्यातला ना तो. डोक्यात दगड घातला, पाण्यात ढकलला, आणि त्याच्याच मोबाईलवरून माफीचा मेसेज टाकला. चष्मा झटापटीत पडला होता, तो घाणेरीच्या झुडपात फेकलेला पोलिसांना मिळाला. दांडीला निळी टेप.

आता गाव कसं फिरलं बघा. आम्हाला आधीच शंका होती, म्हणायला लागले. वर्षश्राद्धाला परत मांडव, परत गाड्या. एक पुढारी 'सत्याचा विजय' म्हणत माईककडं निघाला. मी उठून माईकच्या मशीनची वायरच उपटली. म्हटलं, जेवा आणि जावा. ज्याला बोलायचं असेल त्यानं दहाव्याला काय बोललो ते आधी आठवावं. हळूहळू गाड्या वळल्या.

मांडव रिकामा होत आला तेव्हा पोरीचा बाप आला, मागं ती पोरगी. वर्षभरात तिला गावानं पाहिलं नव्हतं. पोलिसांनीसुद्धा सगळं बापाकडूनच ऐकून घेतलं होतं. बाप माझ्या आईसमोर हात जोडून उभा राहिला. पोरगी आईजवळ खाली बसली.

"काकू, मीच गेले व्हते दादांच्या दुकानात. कुणी केलंय त्ये शोधून द्या म्हनून. शोधून देतो, असा शब्द दिला व्हता त्यांनी मला. त्ये तसले नव्हते, मला पहिल्या दिवसापासून ठावं व्हतं."

मी तिच्यावर ओरडलेच. मग बोलली का नाहीस गं? माझी आई याच्या पाया पडली, तू कुठं होतीस?

पोरीनं आधी बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मला कुणी इचारलंच न्हाई," ती म्हणाली.