लिवर म्हटलं की

ठाकुर्लीच्या आमच्या इमारतीत साईनाथ घाडीला सगळे ‘भाऊ’ म्हणतात, आणि हा मान त्याला फुकटात मिळालेला नाही. मानपाड्याच्या कारखान्यातला हा फिटर एकेकाळी घरी यायचा तो दुसऱ्यांच्या खांद्यावरून. अकरा वर्षांपूर्वी त्याने दारू सोडली. नुसती सोडली नाही, तर दर गुरुवारी शाळेच्या वर्गात सोडणाऱ्यांची बैठकही घ्यायला लागला.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्याचे डोळे पिवळे झाले. वरच्या पोटात कळ यायची ती थेट पाठीत जायची. रक्ताचा रिपोर्ट आला: लिवरचे आकडे चौपट. आता आपल्याकडे कुणाचं लिवर बिघडलं म्हटलं, की ऐकणारा आधी अंगठा तोंडाकडे नेतो. मीही नेला. खोटं कशाला बोलू?

त्या संध्याकाळी त्याची बायको योगिनी रिपोर्ट हातात धरून एवढंच म्हणाली, “कधीपासून?”

“गणपतीपासून,” साईनाथ म्हणाला. त्याला वाटलं, कळांचं विचारतेय.

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“तुला उगाच टेन्शन नको, म्हणून लपवलं.”

झालं! योगिनीच्या लेखी हा कबुलीजबाब होता. ती ओरडली नाही, रडली नाही. तिने माळ्यावरच्या पेट्या उपसल्या, तांदळाच्या डब्यात हात घातला, पाण्याची टाकी उघडून पाहिली. जुन्या जागा तिला पाठ होत्या. ती काय शोधतेय हे लक्षात आल्यावर साईनाथ म्हणाला, “अगं, मी घेतलेली नाही.” हे वाक्य तिने पूर्वी शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि दर वेळी ते खोटं निघालं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिची अकरा वर्षं एका रिपोर्टने वाहून गेली होती.

सकाळी कळा सोसेनात, तेव्हा मीच त्यांना गाडीतून माजिवड्याच्या एका हॉस्पिटलात नेलं. योगिनी पुढे बसली. अख्ख्या रस्त्यात तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन नळ्या काढल्या. “ही लिवरमधून पित्त आणते, ही स्वादुपिंडाची. शेवटी दोन्ही एकाच तोंडाशी येतात. पित्ताशयातला खडा घसरून तिथे अडकलाय. म्हणून स्वादुपिंड सुजलं आणि पित्त मागे लिवरमध्ये तुंबलं. मोरी तुंबली की पाणी घरात येतं ना, तसं.”

“म्हणजे दारू नाही?” योगिनीने विचारलं.

“दारूनेही होतं असं. पण यांना खड्याने झालंय. वाट मोकळी झाली की लिवर सावरेल.”

काविळीच्या माणसाला जग पिवळं दिसतं म्हणतात. इथे कावीळ साईनाथला झाली आणि पिवळं आम्हाला दिसलं! मला माझीच लाज वाटली.

तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला. चार दिवसांत आकडे उतरणीला लागले, डोळे पांढरे दिसू लागले. पित्ताशय नंतर काढायचं ठरलं. साईनाथ पेज पिऊ लागला, तेव्हा योगिनी त्याच्याकडे न बघता म्हणाली, “मी टाकीत पण बघितलं.”

“टाकीत लपवतात हे तुला शिकवलं कोणी? मीच ना!”

ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. “माझा विश्वासच बसला नाही हो.”

“बसेल कसा? मीच तो घालवलेला.” साईनाथने वाटी खाली ठेवली. “परत संशय आला तर खुशाल शोध. फक्त एकटी शोधू नकोस. मला हाक मार, दोघं मिळून शोधू.”