नळ जरा धर की

जेवण झालंय आणि मी चटईवर आडवी झालेय. चार वाजता भंगारवाला टेम्पो घेऊन येणार, मागच्या खोलीतला बार उचकटून नेणार, तोवर जरा पाठ टेकावी म्हटलं. खोलीची किल्ली माझ्या कमरेला खोचलेली आहे. गेलं वर्षभर तिथंच आहे. शेजारच्या कारखान्यात माग खडखडतायत. आमच्या इचलकरंजीत या आवाजाशिवाय कुणाचा डोळा लागत नाही. माझा लागत येतो, आणि खडखड एकाएकी थांबते. साऱ्या गावाचे माग एकदम बंद. त्या शांततेत मागच्या खोलीतून हाक येते.

"शालन, ये की जरा."

आवाज माझ्या नवऱ्याचा. रंगराव नाव. उद्या त्यांचं वर्षश्राद्ध आहे.

खरं तर मी घाबरायला पाहिजे. पण तुम्हाला सांगते, माझं डोकंच फिरतं. मेल्यावर एकदा हाक मारली ती पण त्याच खोलीतून! देवघरातून मारायची, अंगणातून मारायची. नाही. बारमधून!

हा बार काय प्रकार आहे ते आधी सांगते, म्हणजे माझा राग कळेल. हे एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात मिस्त्री होते. गावातल्या लग्नांना यांचा बर्फ, रसवंतीला यांचा बर्फ, बारमधल्या ग्लासांतही यांचाच. रिटायर झाले आणि डोक्यात खूळ शिरलं, घरात स्वतःचा बार करायचा. आणि बाटलीबिटली नाही हां, नळातून बिअर यायला पाहिजे! पिणार किती? रविवारी एक ग्लास. त्यासाठी आठ महिने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. कारखाना मोडीत निघाला तेव्हा तिथल्या थंड खोलीचा वीतभर जाड सागवानी दरवाजा घरी आणला, आडवा टाकून त्याचं काउंटर केलं. खाली जुना फ्रीझर, फ्रीझरमध्ये बिअरचं पिंप, पिंपाला गॅसचा सिलिंडर, आणि समोरच्या फळीतून बाहेर काढलेला पितळी नळ. सगळं झालं. नळाचा मागचा नट तेवढा आवळायचा राहिला होता. त्या सकाळी पान्यासकट काउंटरच्या मागे पडले, ते उठलेच नाहीत.

मी खोलीत उभी आहे. कुलूप कधी काढलं ते आठवत नाही. हे काउंटरच्या मागे उकिडवे बसलेत, अंगात कारखान्याचा खाकी शर्ट, हातात पाना.

"आलीस होय?" मान वर न करताच विचारतात.

"भांडायला आलेय."

"भांड की. भांडता भांडता नळ जरा धर. मी मागनं आवळतो, तू पुढनं धर. नुसता गरगर फिरतोय बघ."

"हात लावणार नाही मी. चार वाजता भंगारवाला येतोय."

"कशाला?"

"कशाला म्हणून वर मलाच विचारताय! त्या सिलिंडरचं प्रेशर दिवसातून चारदा बघत होता. स्वतःचं बीपी बघितलंत एकदा तरी? डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मला फ्रीझरच्या मागे सापडल्या. पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं."

"विसरलो असेन."

"नळ बरा विसरला नाहीत!"

काउंटरमधून गार वाफ निघायला लागते. पायाखाली ओलं लागतं म्हणून खाली बघते तर आम्ही यांच्या कारखान्यात आहोत. दोन्ही बाजूंना बर्फाच्या लाद्या उभ्या आहेत आणि प्रत्येक लादीत घरातलं काहीतरी गोठलंय. एकीत यांचा चष्मा. एकीत माझा मसाल्याचा डबा. एकीत मेथीची जुडी, हिरवीगार, दोरा पण सोडलेला नाही. मी पटकन तोंड फिरवते.

"मेथी निवडून झाली का?" हे विचारतात.

"विषय बदलू नका. दहाव्याला काय केलंत ते सांगा आधी."

एवढं म्हणते तोवर समोर पंचगंगेचा घाट. यांनी बारसाठी केलेली सहा उंच स्टुलं पायरीवर ओळीनं मांडलीत आणि एकेका स्टुलावर एकेक कावळा ऐटीत बसलाय. गिऱ्हाईकंच जशी.

दहाव्याचं काय झालं होतं ते ऐका. पिंड ठेवले, कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. मी हात जोडून म्हटलं, पोरीचं सगळं मी बघते, काळजी करू नका. कावळा जागचा हलला नाही. पोर रडत म्हणाली, बाबा, मी आईला सांभाळते. नाही. दीर म्हणाले, नणंद म्हणाली, तासभर ज्याला जे सुचेल ते तो कबूल करत होता. शेवटी यांचा मित्र अण्णाप्पा पुढे आला आणि म्हणाला, "रंगा, नळ आम्ही चालू करतो बघ." त्याचं बोलणं संपायच्या आत कावळा पिंडावर! लोकांनी तोंडाला टॉवेल लावून हसू दाबलं. माझं काय झालं असेल? चौतीस वर्षांचा संसार, आणि ह्या माणसाचा जीव अडकला होता बिअरच्या नळात! अण्णाप्पा दर महिन्याला किल्ली मागायला येतो, म्हणतो, वहिनी, शब्द दिलाय मी. मी दारातूनच परत पाठवते.

"चारचौघांत माझी शोभा केलीत," मी म्हणते. "बायकोनं हात जोडले तर नाही, आणि नळ म्हटल्यावर लगेच?"

"कावळ्याचं मला काय विचारतेस? भूक लागली असेल त्याला."

"तासभर नव्हती लागली?"

हे पान्यानं कान खाजवतात. ही सवय मेल्यावरही गेलेली नाही. "तू काय म्हणालीस तेव्हा?"

"पोरीचं बघते म्हणाले."

"ते तू बघणारच होतीस. त्याच्यासाठी कोण अडून बसतंय?"

मी आणखीच भडकते. "मग कशासाठी अडून बसला होता? सांगा की. आज सांगूनच जायचं."

तेव्हा कुठे ते मान वर करून माझ्याकडे बघतात.

"मी दोनदा हाक मारली होती, शालन."

सहाही कावळे मान वळवून माझ्याकडे बघतात.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पोरीलाही नाही. त्या सकाळी साडेनऊला मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. पहिली हाक आली, "शालन, ये की जरा." मी म्हटलं, मोकळी नाही मी. मग दुसरी आली, "नळ जरा धर की." ती पण मला स्वच्छ ऐकू आली. आठ महिने तो नळ, नळ, नळ ऐकून माझे कान किटले होते. मी बसल्या जागेवरून ओरडले, "त्या नळालाच बायको करा!" मग आवाज आला नाही. मला वाटलं, बरं झालं, जिरली. सगळी जुडी निवडली, हात धुतले, पुसले आणि मगच मागे गेले. पाव तास तरी झाला असेल.

"ऐकलं होतंस?"

"ऐकलं होतं."

घाट नाही, कावळे नाहीत. आम्ही स्वयंपाकघरात उभे आहोत. मधोमध ते काउंटर आणि त्यावर मेथीचा ढीग, छातीला लागेल एवढा. मला विचारायचं नाहीये, पण तोंडातून निघूनच जातं.

"मी आले असते तर वाचला असता?"

"ते मला काय ठाऊक? नट तेवढा आवळून झाला असता."

"नट!" मी दोन्ही हातांनी मेथी उधळते. "वर्षभर मी स्वतःला खातेय, रात्रंदिवस तीच हाक ऐकतेय, आणि तुम्हाला नटाचं पडलंय! अहो, मला शिव्या तरी घाला. जो येतो तो म्हणतो, शालन, तुझा काय दोष. तुम्ही तरी बोला की एकदा. का आली नाहीस म्हणून बोला!"

"आली नाहीस," ते म्हणतात. केसांत मेथीची पानं अडकलीत त्यांच्या, तोंड मात्र लालबुंद झालंय. "राग आला होता मला. लई राग आला होता. दोनदा बोलावलं, जवळच होतीस, तरी आली नाहीस."

मला रडू येतंय आणि त्याचाही राग येतोय. वर्षभरात एक माणूस खरं बोलला, तोही मेलेला.

"मला पण आला होता," मी म्हणते. "अजून आहे."

"असू दे. आता धरतेस का?"

काउंटरच्या पुढे मी, मागे ते. आमच्यामध्ये ती फळी. मी नळ मुठीत धरते. पितळ गार आहे, कडेचे दाते हाताला लागतात.

"घट्ट धर."

"घट्टच धरलाय."

"फिरतोय."

"तुम्ही नीट आवळा, म्हणजे नाही फिरणार! सगळं मेलं माझ्यावरच ढकलायचं."

"बोलू नकोस, धर. अजून एक पीळ."

तळहात सोलवटतोय. मी सोडत नाही. फळीच्या पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येतोय, पाना नटावर करकरतोय. "अजून एक," ते म्हणतात. "अजून—"

आणि माग पुन्हा खडखडायला लागतात.

दारात टेम्पोचा हॉर्न वाजतोय. मी चटईवर उठून बसलेय. उजवी मूठ अशी आवळलेली की उघडता उघडेना. डाव्या हातानं एकेक बोट सोडवते. तळहाताच्या मधोमध गोल वळ उठलाय, लालभडक, आणि त्याच्या कडेनं बारीक बारीक दाते. किल्लीचा म्हणावा तर किल्ली कमरेला जिथल्या तिथं आहे.

मी दारात जाते. "परत जा," भंगारवाल्याला सांगते.

"मावशी, तुम्हीच तर बोलावलं."

"मीच बोलावलं, मीच जा म्हणतेय. हॉर्न वाजवू नका आता."

मग अण्णाप्पाला फोन लावते. तो बिचारा आधी घाबरतोच, एवढ्या वर्षांत मी त्याला कधी फोन केलेला नाही.

"उद्या सकाळी साडेनऊला या," मी म्हणते. "पाना घेऊन या."

तो चाचरत म्हणतो, "वहिनी, येतो की. पण त्या कामाला दोन माणसं लागतात. बरोबर कुणाला तरी घेऊन—"

"कुणाला आणायचं नाही," मी खेकसते. "धरायला मी आहे."