वळचणीची निळी ताटली

भोर डेपोच्या साधनाबाई कंडक्टर. मी रोहिदास, बारा वर्षं त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर. वेल्ह्याच्या फेरीला बाई असल्या की लोक पैसे काढायच्या आधी पिशवीतनं निळ्या नक्षीची बशी काढतात. "ताई, हिचं वय सांगा की." बाई नक्षीकडं बघतसुद्धा नाहीत, बशी पालथी करतात. मागं 'इंग्लंड' छापलं असेल तर अठराशे एक्याण्णवच्या अलीकडची, कारण अमेरिकेनं त्या सुमाराला बाहेरनं येणाऱ्या मालावर देशाचं नाव मागितलं. 'मेड इन इंग्लंड' असेल तर आणखी अलीकडची. काहीच नसेल तर झिलईवरनं अंदाज. हे सगळं बाई मोबाईलवर आणि रद्दीतल्या पुस्तकांतनं शिकल्या. आपल्याला तर स्वतःच्या लग्नाचं सालही आठवत नाही.

बाईंच्या घरी मांडणीवर असल्या चाळीस ताटल्या. पण जीव अडकला होता एकाच ताटलीत, आणि ती त्यांच्याकडं नव्हती. त्यांची आई पारूबाई तरुणपणी गावच्या आनंदरावांच्या घरच्या शेतावर तण भांगलायला जायची. बौद्धांचं जेवण तिथं अंगणात, आणि त्यांची ताटली वळचणीला खोचलेली, जेवून त्यांनीच धुवायची. चिनी मातीला विटाळ लागला की राखेनंही जात नाही, म्हणून ती घरात न्यायची नाही, असा त्या घरचा नियम. पारूबाईला नक्षी पाठ होती. पूल, पुलावर तीन माणसं, वर दोन पाखरं, त्यातल्या एकाचं डोकं टवक्यात गेलेलं. ती ताटली एकदा आईच्या हातात द्यायची, एवढंच बाईंचं मागणं.

गेल्या उन्हाळ्यात आनंदरावांचाच फोन आला. पानशेतला हॉटेल काढलंय, भिंतीवर जुन्या ताटल्या लावायच्यात, खाली सालं लिहायचीत. सुट्टी बघून आम्ही त्यांच्या घरी गेलो. शोकेसमधल्या आठ ताटल्या बाईंनी पालथ्या केल्या. सहा 'मेड इन इंग्लंड', दोन जपानी.

"आजोबाला साहेबानं दिलेल्या हायेत," आनंदराव म्हणाले.

"दिल्या असतील, पण जपानच्या हायेत," बाई म्हणाल्या. मी हसू दाबलं.

निघताना गोठ्यात कोंबड्यांच्या पाण्याची ताटली दिसली. बाईंनी पदरानं पुसली. पूल, तीन माणसं, बिनडोक्याचं पाखरू. बाईंनी ती पालथी केली. मी हळूच कोपर मारलं, म्हणजे टाकाऊ आहे म्हणा आणि मागून घ्या. पण बाईंना खरं बोलायचं खूळ.

"हिच्यावर देशाचं नाव न्हाई. झिलई निळसर, तळाला तीन ठिपके, भट्टीत जिच्यावर ठिवत्यात त्या तिवईचे. एकशेतीस वर्सांच्या अलीकडची न्हाई ही. तुमच्या घरातली सगळ्यात जुनी हीच. आन् हिच्यात माझ्या आईला जेवाण वाढायचे. मला द्याल का?"

आनंदरावांनी ताटली हातातनं काढून घेतली. "मग तर ही मधोमध लागंल," म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटेत मी बाईंना नाही नाही ते बोललो. तोंडाशी आलेला घास घालवला म्हणलं.

"रोहिदासभाऊ, हिची तारीख खोटी सांगितली असती, तर बाकी चाळिसांवर माझा मलाच इस्वास ऱ्हायला असता का?" आणि रडायला लागल्या. मला माझीच लाज वाटली.

चार दिवसांनी मी बाईंकडं चहाला बसलो होतो, तर दारात आनंदराव. हातात पेपरात गुंडाळलेली ताटली.

"भिंतीला लावली," ते म्हणाले. "साल लिवलं. फुडं काय लिवावं कळंना. खोटं लिववंना, खरं लिवायची लाज वाटली."

पारूबाई आता ऐंशीच्या पुढं, लेकीकडंच असते. तिनं ताटली हातात घेतली, टवक्यावरनं बोट फिरवलं. मग म्हणाली, "भाईर का हुबे? आत या."

तिनं त्याच ताटलीत पिठलं-भाकरी वाढली. आनंदराव मान खाली घालून जेवले. उठले, आणि ताटली घेऊन गुपचूप मोरीकडं निघाले.

पारूबाईनं ती हातातनं काढून घेतली.

"ठिवा हितं. ही म्या लई वर्सं धुतली. आमच्यात पाव्हण्याला धुवाय लावत न्हाईत."