धनराजच्या आईची आखणी

जानेवारी २००४ मधल्या त्या रविवारी वत्सलाबाई सकाळपासून तीनदा मैदानावर जाऊन आल्या आणि तिन्ही वेळा काही न करता परतल्या. करण्यासारखं उरलंच नव्हतं, मैदानावरच्या चुन्याच्या रेघा त्यांनी आदल्या दिवशीच मारल्या होत्या. तरी घरात पाय ठरेना. तव्यावर भाकरी टाकायची आणि दारात येऊन उभं राहायचं, असं त्यांचं चाललं होतं. दोन भाकऱ्या करपल्यावर मल्हारी, म्हणजे त्यांचे यजमान, अंबडच्या कारखान्यातली पाळी करून नुकतेच आलेले, वैतागून म्हणाले की एक तर जा, नाही तर बस. वत्सलाबाईंना दोन्ही जमत नव्हतं.

देवळाली कॅम्पाजवळच्या त्यांच्या वसाहतीत नवज्योत नावाचा फुटबॉल क्लब होता. जिल्ह्याच्या स्पर्धेचे सामने आपल्या मैदानावर व्हावेत म्हणून क्लबने अर्ज केला होता आणि आज दुपारी मैदान बघायला निरीक्षक येणार होते. ते पास झालं की कागदावर आखणीसमोर काकूंचं, म्हणजे वत्सलाबाईंचं, नाव टाकणार, असा शब्द क्लबच्या सेक्रेटरीने, सुनीलने, दिला होता. सगळी घालमेल त्या एका नावापायी होती. बाईमाणसाला नावाची एवढी काय हौस, असं कुणाला वाटत असेल तर त्याने अकरा वर्षं पहाटे उठून चुना ओढून बघावा.

त्र्याण्णव साली त्यांचा धनराज क्लबकडून खेळायला लागला, तेव्हा रेघा अंदाजाने मारल्या जायच्या. एक बाजू लांब, एक आखूड. पेनल्टी की नाही यावरून पोरांच्या कॉलरी फाटायच्या आणि फाटलेल्या कॉलरी शिवायला घरोघरच्या आयाच बसायच्या. कॅम्पातला एक हवालदार सामने बघायला यायचा. त्याने एकदा सगळी मापं सांगितली. गोलपुढची मोठी चौकट अठरा वार, पेनल्टीचा ठिपका बारा वार, मधल्या वर्तुळाला दहा वार. पोरं माना डोलावून मोकळी झाली. बाजूला उभ्या वत्सलाबाईंच्या मनात हिशेब लागला. अठरा वार म्हणजे दोन लुगडी.

सासूबाईंनी घेतलेलं आणि नेसायचं राहून गेलेलं मालेगावचं कोरं सुती लुगडं ट्रंकेत होतं. नऊ वार, दुकानातून आलं तसं. त्याच्या तीन घड्या घातल्या की एक घडी तीन वारांची. ठिपक्यासाठी लुगडं आणि वर एक घडी, वर्तुळासाठी लुगडं आणि वर दोन हात, म्हणजे एक वार. अशा मापाने त्यांनी जी चौकट मारली, ती बघून हवालदाराने खूश होऊन जिभेने टक् असा आवाज काढला होता. तेव्हापासून दर सामन्याला आखणी त्यांचीच. पुढे धनराज नोकरीला चाकणला गेला, खेळ सुटला, तरी आईची आखणी सुटली नाही. क्लबात त्यांना सगळे धनराजची आई म्हणत, तोंडावर काकू.

आणि क्लब तरी कसा. २००१ साली मोठा समारंभ केला. मांडववाल्याला शाल, चहावाल्याला नारळ, बॉलमध्ये हवा भरून देणाऱ्या सायकलवाल्यालासुद्धा गुच्छ. वत्सलाबाई इस्त्रीचं पातळ नेसून बायकांत उभ्या होत्या. माइकवर नवं नाव सुरू झालं की त्या पदर सारखा करायच्या. शेवटी राष्ट्रगीत झालं. घरी येऊन त्यांनी पातळ घडी करून ठेवलं. लाज वाटली होती, ती वाट बघितल्याची.

आज मात्र वेगळंच भूत मानगुटीवर बसलं होतं. सुनील काल सहज बोलून गेला होता की साहेब मोजायची टेप घेऊन येणार आहेत. आपलं लुगडं वत्सलाबाईंनी इतक्या वर्षांत कशाशी ताडून बघितलं नव्हतं. शेजारच्या लताबाईंनी सासूसाठी नवं लुगडं आणलं होतं. चौथ्यांदा मैदानाकडे निघालेल्या वत्सलाबाई वाटेतून वळल्या, ते लुगडं मागून आणलं आणि ओट्यावर दोन्ही लुगडी शेजारी शेजारी पसरली.

त्यांचं लुगडं हातभर आखूड होतं.

चूक कशी झाली, हे त्यांना लगेच समजलं. चुना कापड खातो म्हणून त्या प्रत्येक सामन्यानंतर ते लुगडं सोड्याच्या पाण्यात उकळून, बडवून, कडक उन्हात वाळवत. नेसायची लुगडी धुतली नसतील इतक्या निगुतीने. धुता धुता माप आटत गेलं आणि सगळ्या रेघा एकाच लुगड्याच्या म्हणून कुणाच्या डोळ्यांना खुपलं नाही. गेली किती वर्षं वसाहतीची पोरं पेनल्टी जरा जवळूनच मारत होती.

त्या धावतच मैदानावर गेल्या. सुनील खुर्च्या मांडण्यात गुंतला होता. चौकट लहान पडलीय, अजून पुसून मारता येईल, असं त्या सांगू लागल्या. त्याने अर्धंच ऐकलं. रेघा झकास आहेत, काकूंनी आता सावलीत बसावं, असं म्हणून तो खुर्च्यांकडे वळला. तेवढ्यात निरीक्षकांची स्कूटर आली. कदाचित ते नुसतं बघून जातील, मोजणार नाहीत, असं वत्सलाबाईंच्या मनात येऊन गेलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत उभ्या राहिल्या.

निरीक्षक पिकल्या मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. गोलचे खांब पाहिले, कोपऱ्यातले झेंडे पाहिले, मग पिशवीतून टेप काढली. चौकटीच्या रेघेवर वाकून म्हणाले, "सतरा वार. एक वार कमी आहे. आखणी कोणाची?"

सुनील पुढे झाला. पोरगा वाईट नव्हता. क्लब वाचवायचा होता आणि त्याच्या मते काकूंनाही. तो गडबडीने म्हणाला, "आमच्याकडं एक बाई आहेत सर, त्या हौसेनं मारतात. पुढच्या वेळी जाणकार माणूस लावू."

"नाव काय त्यांचं?"

सुनीलने दहा वर्षं या बाईच्या हातचे पोहे खाल्ले होते, नाव कधी विचारलं नव्हतं. त्याने मागे उभ्या पोरांकडे बघितलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी तो हळूच म्हणाला, "धनराजची आई."

वत्सलाबाई हे सगळं दहा पावलांवरून ऐकत होत्या. काल नाव टाकतो म्हणाला होता, ते कुठलं टाकणार होता, असं त्यांच्या मनात आलं. राग आला, हसूही आलं. सकाळपासूनची पायांची भिंगरी थांबली. त्या सरळ चालत निरीक्षकांपुढे आल्या.

"आखणी माझी हाय साहेब. अकरा वर्षं माझीच हाय. माप धुऊन आटलं, ती चूकबी माझी. लिहा. वत्सला मल्हारी गांगुर्डे."

निरीक्षकांनी त्यांच्या चुना लागलेल्या बोटांकडे बघितलं. मग कागद खुर्चीच्या पाठीवर टेकवून लिहिलं आणि काय लिहिलं ते त्यांना वाचून दाखवलं. आखणी, वत्सला मल्हारी गांगुर्डे. पेनल्टीची चौकट एक वार कमी. दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणी. नवज्योतच्या कुठल्याही कागदावर त्यांचं नाव पहिल्यांदा आलं होतं, ते असं, चुकीच्या शेजारी. वत्सलाबाईंनी गांगुर्डे बरोबर लिहिलंय का, ते आणखी एकदा वाचायला लावलं.

दुरुस्तीला किती दिवस लागतील, असं निरीक्षकांनी विचारलं. दिवस कशाला, तुमचा चहा होईस्तोवर, असं त्या म्हणाल्या आणि त्यांच्या हातातली टेप मागून घेतली. तिचं टोक त्यांनी सुनीलच्या हातात दिलं.

"गोलच्या रेघेवर धरून बस," त्या म्हणाल्या, "आणि मी म्हणेपर्यंत उठू नको."

सुनील सेक्रेटरीचा नवा पांढरा शर्ट घालून धुळीत गुडघ्यांवर बसला.