पाटीची लाल बाजू

बोटीला ब्रेक नसतात, ही गोष्ट माझ्या नवऱ्याने फार मनाला लावून घेतली होती. इंगोलश्टाटमध्ये तो गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो. बोट भाड्याने देणाऱ्या माणसाने तीन तास शिकवून त्याच्या हातात एक कागद ठेवला आणि लायसन्स नसलेला हा मनुष्य आठवडाभरापुरता कप्तान झाला. टोपी त्याने स्वतः विकत घेतली.

बर्लिनच्या उत्तरेकडच्या कालव्यांमधून आम्ही तिघं चाललो होतो: तो, मी आणि सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई. बोट लांबट, अरुंद, एखाद्या चाळीच्या खोलीला इंजिन लावावं तशी. वेग सायकलवरच्या म्हाताऱ्याला मागे टाकता येणार नाही इतका. या सुट्टीत निसर्ग बघायचा असतो असं मी वाचलं होतं. प्रत्यक्षात दुपारी दोननंतर आम्ही फक्त एकच गोष्ट बघत होतो: बोट बांधायला जागा. कालव्याच्या काठी कुठे दगड, कुठे कोणाची खाजगी बाग, कुठे ‘इथे थांबू नये’. आणि आमच्यासारख्या कागदी कप्तानांना अंधार पडल्यावर बोट चालवायला बंदी. त्यामुळे सूर्य कलला की नवऱ्याचा आवाज चढे.

आदल्या संध्याकाळी धक्का मिळालाच नव्हता. बोटीचं नाक काठच्या लव्हाळ्यात खुपसून, फळी टाकून आम्ही उतरलो. आईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, दुसरा रांगेत आहे. नवऱ्याने आणि तिथे मासे पकडत बसलेल्या एका अनोळखी माणसाने त्यांना काखेत धरून अलगद खाली ठेवलं. त्या माणसाने नंतर टाळ्या वाजवल्या. कौतुकानेच, पण वाजवल्या. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या, वर्गात शिरल्या की बाकं गप्प होत अशा बाई त्या चिखलात पदर सावरत उभ्या राहिल्या.

“गणपतीलासुद्धा याहून मानाने उतरवतात,” त्या म्हणाल्या. मग जेवताना शांतपणे, “उद्या मी माझ्या पायांनी उतरेन. नाहीतर उतरणारच नाही. चारच दिवस उरलेत ना? बसेन आत.”

हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही एका श्लॉयजपाशी, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोटी वरखाली नेणाऱ्या दरवाजांपाशी, रांगेत अडकलो. पुढे सहा बोटी. त्या सगळ्यांना तीच जागा हवी असणार, जी आम्हाला हवी होती.

“सायकल काढ आणि पुढे जा,” नवरा म्हणाला. “जागा धर.”

“कशी धरू? आडवी पडू?”

“ते तू बघ. सपाट धक्का पाहिजे. पायरी नको.”

“हो, कप्तानसाहेब,” आई आतून म्हणाल्या. “आणि हिला पगार किती?”

बोटीवरची घडीची सायकल घेऊन मी काठाने निघाले. पुढच्या वळणापलीकडे स्थानिक बोटवाल्यांच्या क्लबचा छोटा धक्का होता. लाकडी, सपाट, पाण्याच्या जरासा वर. आईंनी एक पाऊल टाकलं की झालं. अशा धक्क्यांवर प्रत्येक जागेपाशी खांबाला एक पाटी लटकते, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवी. जागा कोणा सभासदाच्या मालकीची असते. तो बाहेरगावी गेला की हिरवी बाजू पुढे करून जातो, म्हणजे पाहुण्यांनी खुशाल थांबावं. लाल म्हणजे मालक आहे, किंवा येतोय. सगळ्या पाट्या लाल होत्या. शेवटून दुसरी हिरवी.

आणि समोरून एक पांढरी बोट येत होती.

गावाकडे बसस्टँडवर माझे वडील खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत. आयुष्यात दुसऱ्याच्या पैशाला न शिवलेला माणूस, पण रुमाल टाकायचा. मला तेव्हाही ते बघवत नसे. मी खांबाआड उभी राहायचे. धक्क्यावर नुसतं उभं राहून जागा धरता येणार नाही, हे मला माहीत होतं. इतक्या वर्षांत मी एवढं शिकले आहे की जर्मनीत लोक माणसाशी वाद घालतात, पाटीशी घालत नाहीत. मी खांबापाशी गेले, आकड्यातून पाटी काढली आणि उलटी अडकवली. मग बाकावर जाऊन बसले, माझा कशाशीच संबंध नसल्यासारखी.

रुमाल निदान स्वतःचा असायचा.

पांढरी बोट जवळ आली, हळू झाली. सुकाणूवर एक बाई, पुढे दोर हातात घेऊन एक पुरुष, दोघंही साठीच्या पुढचे. त्याने पाटी वाचली. ‘वाचली’ हेच खरं, कारण लाल रंगात वाचण्यासारखं काही नसतानाही तो पुरेसा वेळ तिच्याकडे बघत होता. मग बाईला म्हणाला, “बेझेट्स्ट.” भरलेली आहे. जागा डोळ्यांसमोर रिकामी होती. त्यांनी मला हात केला, मीही केला, आणि बोट निघून गेली. वाद झाला असता तर मी तयार होते. मी मनात वाक्यंही जुळवली होती. वाद झालाच नाही. माझ्यावर असा सहज विश्वास ठेवणाऱ्या लोकांना पाठमोरं जाताना बघत राहणं किती अवघड असतं, ते मला त्या बाकावर कळलं.

तासाभराने, रांगेतल्या पुढच्या बोटीही पाटी बघून निघून गेल्यावर, आमची बोट आली. आई दारातच उभ्या होत्या, केस विंचरून, चपला घालून. नवऱ्याने हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. कठडा धरला, उजवा पाय टाकला, मग डावा. धक्क्यावर उभ्या राहून त्यांनी इकडेतिकडे असं पाहिलं की जणू पाहणी करायला आल्या आहेत.

“याला म्हणतात जागा,” त्या म्हणाल्या. “सूनबाईंनी काम केलं. टोपी हिला दे रे.”

नवऱ्याने खरोखर टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. मी ती काढली नाही. काढायची तर कारण सांगावं लागलं असतं.

चहा होतो न होतो तोच एक म्हातारा धक्क्यावरून जवळजवळ धावत आला. पायांत घरातल्या सपाता, हातात बियरच्या दोन थंड बाटल्या. आमच्या बोटीपाशी येऊन तो थांबला. आधी बोटीकडे, मग आमच्याकडे, मग पाटीकडे बघितलं.

“तो आला नाही?” त्याने मला विचारलं.

“कोण?”

ही जागा त्याच्या मित्राची. मित्र वसंत ऋतूपासून इस्पितळात आहे. जाताना त्याने स्वतःच्या हाताने पाटी हिरवी केली होती. म्हातारा स्वतःच्या बोटीवर, धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथून त्याला लाल बाजू दिसली. “मी लगेच घरी गेलो, तळघरातून या आणल्या,” तो म्हणाला. “मला वाटलं, न कळवताच आला. तो तसाच आहे.”

मी व्यवसायाने भाषांतरकार आहे. यंत्रांच्या सूचना, धोक्याचे इशारे असलं काही भाषांतरित करते. दोन्ही भाषांत खरं सांगायला लागणारे शब्द माझ्याकडे होते.

“वाऱ्याने उलटली असेल,” मी म्हणाले.

“हो, वारा,” तो म्हणाला. त्याने पाटी आकड्यातून काढली. त्यासाठी त्याला बाटल्या खाली ठेवून दोन्ही हात लावावे लागले. हिरवी बाजू पुढे करून त्याने ती पुन्हा नीट अडकवली, वाऱ्याचं काहीच चालणार नाही अशी.

“काय म्हणतायत ते?” आईंनी विचारलं.

“स्वागत करतायत.”

“मग नुसतं कसं पाठवायचं?” आई बशीत चिवडा भरून घेऊन आल्या, पुन्हा स्वतःच्या पायांनी उतरून. त्यांनी नमस्कार केला. म्हाताऱ्याने बशी घेतली, मान लववली, बाटल्या काखेत धरल्या आणि गेला. या वेळी सावकाश.

सकाळी बशी आमच्या बोटीच्या पायरीपाशी ठेवलेली होती. धुऊन, पुसून, रिकामी.

नवरा इंजिन सुरू करत होता. आई बशी हातात घेऊन पायरीवर बसल्या होत्या.

“ते स्वागत करायला आले नव्हते,” त्या म्हणाल्या.

मी दोर सोडत होते.

“स्वागताला दोन बाटल्या आणल्या आणि दोन्ही परत नेल्या? कोणाची तरी वाट बघत होते ते. आणि ती पाटी त्यांनी का फिरवली?”

मी सांगितलं. पांढऱ्या बोटीसकट सगळं सांगितलं, दोराच्या गाठीकडे बघत. टोपी डोक्यावर ठेवून घेताना गप्प राहिले तेही सांगितलं, जे त्यांनी विचारलं नव्हतं.

आईंनी बशी पदराने पुसली, पुसायचं काही नसताना.

“माझ्यासाठी केलंस, ते कळतंय गं,” त्या म्हणाल्या. “पण मला विचारायचं होतंस. मी बसले असते बोटीत.”

त्या उठल्या, कठडा धरून आत गेल्या. त्या संध्याकाळी आम्हाला चांगला, सपाट, पायरी नसलेला धक्का मिळाला. मालकाने स्वतः हात करून बोलावलं. आई उतरल्या नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाल्या. नवऱ्याने मलम आणून दिलं.