ताईच्या पाढ्यातली चूक

सकाळी चहा पिऊन हसलेलं माणूस संध्याकाळी तापाने जातं कसं? डॉक्टरांना विचारलं, हेडसरांना विचारलं.

किस्से मात्र सगळे सांगतात. ताई गेल्यापासून घरी भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्या शाळेचा एक तरी किस्सा ठेवून जातो. माझेही साठलेत.

*

ताई शिकवायची त्या पाथर्डीकडच्या शाळेत आधी मोठा टीव्ही आला. वीज अजून यायची होती! साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर हेडसरांनी पोरांना पढवलं, "लाईट आत्ताच गेली म्हणा."

साहेबांनी एकाला विचारलं, "टीव्हीवर काय बघता रे?"

"आमचं त्वांड, साहेब! भांग पाडतो की त्यात!"

ताईला रोज जीपने शाळेत सोडणारा मी दारातच उभा. हसू आवरेना. ताईने डोळे वटारले.

*

दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा. ताई मोबाईलवर हजेरी घ्यायची. एकदा व्हिडिओत बघतो तर काय, रेंजसाठी एक पोरगं भरलेल्या उसाच्या ट्रॉलीवर चढलेलं!

मी किंचाळलो, "आरं पडशील, उतर!"

ते वरूनच ओरडलं, "आदी हजेरी लावा, मंग उतरतो!"

ताईचा चेहरा पांढराफटक. तिने आधी हजेरी लावली!

*

ताई रोज ग्रुपवर आपल्या आवाजात पाढा पाठवायची आणि त्यात मुद्दाम एक चूक करायची. पकडेल त्याला चांदणी.

एकदा टोळीच्या मुकादमाचा फोन आला. "बाई, सतरा त्रिक बावन्न? तुमालाच पाढं येत न्हाईत, पोरं काय शिकनार?"

"तुम्हाला चूक सापडली ना? ही घ्या चांदणी!"

दुसऱ्या दिवसापासून पोरांच्या आधी मुकादमाचाच मेसेज!

*

ऊसतोडीवरच्या पोरांना ताई गेल्याचं कुणीच सांगितलं नव्हतं. हेडसर म्हणाले, "नवीन बाई येईपर्यंत ग्रुप राहू दे बंद."

काल ताईचा मोबाईल वाजला. चौथीतल्या पूजाचा व्हॉइस मेसेज. "बाई, पाढा का न्हाई येत? आई म्हनती, शाळा बंदच हाय तर उद्यापास्नं मोळ्या बांधायला चल."

माझी शाळा सुटली तेव्हा मीही पूजाएवढाच होतो. परत गेलोच नाही.

काही विचार न करता ग्रुप चालू केला, आवाजाचं बटण दाबलं आणि सतराचा पाढा म्हणून टाकला. मुद्दाम चूक करायचं डोक्यातही नव्हतं, अगदी मनापासून म्हटला.

लगेच मोबाईल थरथरायला लागला.

"सतरा चोक चुकलं!"

"सतरा साती पन!"

"मामा, सतरा नव्वं बी चुकलं! लई चुका!"

शेवटी पूजाचा आवाज आला. "मामा, एवढ्या चुका करायला बाईंनीच सांगितलं का?"

"व्हय," म्हणालो, आणि सगळ्यांना चांदण्या पाठवल्या.